गोठ्यामागची माती

वहिनींनी देवासला माझ्याकडे माती पाठवली ती श्रीखंडाच्या डब्यात, वर धुतलेलं फडकं बांधून. टोंकखुर्दच्या शेतात त्यांना पॅशन फ्रूटचे वेल लावायचे होते. सोबत निरोप होता, "रोपवाल्या भैयाला हो म्हणून बसलेय. जमीन जमेल का तेवढं सांगा, भावजी."

माती तपासणं हेच माझं काम. डब्यातली माती भुसभुशीत, खतवलेली होती. आमच्या काळ्या वावरात अशी माती नाही, हे मला ठाऊक होतं. फोनवर 'जमेल' म्हणून सुटता आलं असतं. दादा गेल्यापासून मी असाच सुटत आलो होतो. पण वेल कुजले असते, म्हणून रविवारी गेलो.

"वहिनी, ही माती कुठली?"

"गोठ्यामागची. चाळून घेतली. साहेबांसमोर ढेकळं पाठवायची का? लाज नाही वाटत?"

मला हसू आलं, मग त्यांनाही.

काळ्या वावरात खड्डा खणून मी पाणी ओतलं. चहा झाला, तरी पाणी जागचं हललं नाही.

"अजून चहा ठेवू?"

"चहा संपेल वहिनी, पाणी नाही. मुळं गुदमरतील इथे."

"ह्यांचा भारी जीव होता या तुकड्यावर."

"म्हणूनच मी येत नव्हतो," मी म्हणालो. "इथे आलो की दादा नाही हे खरं व्हायचं. तुम्हाला एकटं टाकलं मी."

"मला वाटलं, माझंच काही चुकलं," त्या हळूच म्हणाल्या. मला मान वर करवेना.

मग त्याच मला नाल्याकडच्या बरडीवर घेऊन गेल्या. मुरमाड उतार, तिथे कधी कुणी काही पेरलं नव्हतं. तिथेही खड्डा खणून ओतलेलं पाणी बघता बघता जिरलं.

"इथे? या दगडांत?"

"शेणखत भरपूर घालावं लागेल. आधी चार ठिकाणची माती एकत्र करून तपासतो. पण पाणी साचत नाही, हीच मोठी गोष्ट."

वहिनींनी उतारावर नजर फिरवली. "म्हणजे काळ्यात हरभरा, आणि वेल इथे. खड्डे कोण खणणार?"

"मी येतो ना, रविवारी."

"एका रविवारात नाही व्हायचे."

"नाहीच व्हायचे," मी म्हणालो आणि पुढच्या नमुन्यासाठी कुदळ उचलली.