करडईचा काटा

करडईच्या तेलाचा वास आला की माझं बोट अजून हुळहुळतं. वालूरला मावशीच्या शेतात मी तिला माझा हायकू वाचून दाखवला होता, भर दुपारी करडई उपटणाऱ्या बायांचा. “दुपारी कोण उपटायलंय गं? उन्हात काटे लय टोचतात, दव हाय तवरच उपटायची,” मावशी म्हणाली. मी ते पान फाडलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हाताला फडकं गुंडाळून तिच्या शेजारच्या ओळीत उपटायची पात धरली. ऊन चढल्यावर ती बांधावर जाऊन बसली. मी पात संपवूनच उठले. मग तिला तीन ओळी म्हणून दाखवल्या: ‘ऊन चढले / फडक्यातून काटा / बोटात आला.’ मावशीनं बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि माझं बोट धरलं. आजही हायकू लिहिण्याआधी मी ते बोट दाबून बघते.