कमानीतला आमचा दगड

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी आनंदनगरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. माझे सख्खे चुलते. पहिल्यांदा मनात आलं ते सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगतो : सुटलो… आता दगडाचं कुणी विचारणार नाही.

बदलापूर गावामागच्या डोंगरावर जुना गड आहे. त्याचा दरवाजा कधीचाच ढासळलेला. त्याचे घडीव दगड गावाने पिढ्यान्‌पिढ्या खाली आणून जोत्यांना, गोठ्यांना, विहिरींना लावले. आमचे पूर्वज गडावर पहाऱ्याला असायचे. "गडानं आपल्याला पोसलं नि आपन गडच खाल्ला," तात्या म्हणायचे. बिल्डर आले, जुनी घरं पडू लागली, तसे तात्या, हाडाचे गवंडी, दरवाजाची कमान पुन्हा उभी करायला दारोदार फिरून एकेक दगड मागू लागले. कुठला दगड कमानीत कुठे बसायचा, ते सुतळीच्या मापाने ओळखायचे. ज्या घरचा दगड, त्या घराने त्याला हळदकुंकू लावायचं आणि वर नेताना पहिला खांदा द्यायचा, ही रीत त्यांनीच पाडली. 'नवा घडवून बसवा' म्हणणाऱ्याच्या अंगावर धावून जायचे.

लाकडांच्या टेकूवर कमान दोन्हीकडून चढत गेली. मधला, सगळ्यांना धरून ठेवणारा दगड तेवढा राहिला. तो आमच्या अंगणात, तुळशीखाली होता. आमचं घर पाडलं तेव्हा तात्या इस्पितळात होते. आम्ही तुळस जपून भाड्याच्या घरी नेली आणि दगड विसरलो. तो भरावात गेला.

"दगड कवा आनतोस रं?"

"मित्राच्या गाळ्यात ठेवलाय तात्या. आणतो."

तीन वर्षं हेच. शेवटच्या भेटीतही हेच.

मागच्या आठवड्यात गावकरी घरी आले. "आता तुझाच दगड राह्यला. पुढच्या रविवारी तात्यांच्या नावानं बसवू. पयला खांदा तुझा." मी मान डोलावली. लाज वाटते, पण डोलावली.

दुसऱ्या दिवशी एकटाच वर गेलो. टेकूला वाळवी लागू नये म्हणून तात्या दर आठवड्याला लाकडांना तेल लावायचे. कोनाड्यात त्यांचा डबा होता, आत चिंधी. लाकूड दोन ठिकाणी भुसभुशीत झालंय. मी तेल लावलं आणि तिथेच बसून ढसाढसा रडलो. टेकू किती दिवस धरेल, कुणास ठाऊक…

दगड आमच्या नव्या इमारतीच्या पायाखाली आहे. त्याच्यावर दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. वर्तमानपत्राची ही रविवारची पुरवणी हातात पडेल तेव्हा गावकरी दोर-काठ्या घेऊन माझ्या दारात उभे असतील. तोंडाने सांगवत नाही म्हणून लिहिलं. खांदा देऊ नका मला. तेलाचा डबा तेवढा माझ्याकडे राहू द्या.