पिळाच्या टॉवरवरची हर्षाली

लोणीच्या सोमाजीची थोरली लेक पुण्यात काय करते, असं कुणी विचारलं की घरचे सांगत, "हापिसात हाय." ते खोटं नव्हतं. फक्त हर्षाली ऑफिसच्या आत नसायची. ती बाहेरून, दोराला लटकून, काचा धुवायची.

पुण्याच्या ऐन मध्यवस्तीतला तो टॉवर लांबूनच ओळखू येतो. आर्किटेक्टनं प्रत्येक मजला खालच्यापेक्षा जरासा फिरवून बसवलाय, त्यामुळं सबंध इमारत ओलं धोतर पिळून उभं धरावं तशी दिसते. लोक गाडी थांबवून फोटो काढतात. पण त्या पिळामुळंच काचा धुवायचा पाळणा तिथं चालत नाही. सरळ भिंतीवर तो सुखानं वरखाली होतो. इथं काच कधी अंगावर येते, कधी हातभर लांब जाते. तिथं दोरावरचं माणूसच लागतं.

दोराशी हर्षालीची ओळख जुनी. मंचरला कॉलेजात असताना ती जुन्नरच्या गिर्यारोहकांबरोबर जायची, वानरलिंगीचा सुळका चढून आली होती. टॉवरमध्ये मात्र लागली ती फरशी पुसायला. काचेपलीकडं लटकलेली माणसं बघितली आणि तिनं ठेकेदाराला गाठलं, "मलाबी घ्या." तो हसला. ती रोज विचारत राहिली. शेवटी वैतागून त्यानं तिला ट्रेनिंगला धाडलं. वाटलं, घाबरून परत येईल. ती पास होऊन आली.

पुढं निमगाव सावाच्या सुदर्शनशी तिचा साखरपुडा झाला. पोरगा शिकलेला, स्वभावानं गरीब. तिनं त्याला कामाचं सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "भारीच की!" त्यानं घरी मात्र काही सांगितलं नव्हतं.

मग कुणीतरी खालून काढलेला व्हिडिओ तालुकाभर फिरला. हेल्मेट, कमरेला पट्टे, हातात फडकं, आणि मागं तो पिळाचा टॉवर. दोन दिवसांत सुदर्शनचे चुलते कुंडलिकतात्या पुतण्याला घेऊन लोणीत हजर झाले.

चहा तसाच ठेवून तात्या म्हणाले, "सोमाजीराव, आमच्या घरची सून माकडावाणी लटकणार का? काम सोडती म्हना, मगच तारीख धरू."

सोमाजीनं चहाचा कप नुसताच त्यांच्याकडं सरकवला. त्यालाही हे काम पसंत नव्हतंच; व्हिडिओ बघितल्यापासून तो लेकीशी बोलला नव्हता.

हर्षाली आतून बाहेर आली. "तात्या, मी काम सोडणार न्हाई."

"पडलीस तर?"

"वानरलिंगीवरनं पडले न्हाई, टॉवरवरनंबी पडणार न्हाई. आन् खरं सांगा, तुमाला माझ्या पडण्याची काळजी हाय का लोकांच्या बोलण्याची?"

तात्यांचा चेहरा लाल झाला. तिनं सुदर्शनकडं बघितलं. "तुमाला तर सगळं ठाव व्हतं. बोला की."

सुदर्शन चुळबुळला. "वर्षभर सोड... मग बघू."

"मग बघू म्हंजी कवाच न्हाई," हर्षाली म्हणाली. तिनं बोटातली अंगठी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"बाप बसलाय समोर अन् पोरगी निर्णय घेती!" तात्या उठले. "इज्जत हाय का न्हाई या घराला?"

आता उंबऱ्यात उभी असलेली हर्षालीची आई बानूबाई पुढं आली. तिची हयात मेंढरांमागं गेली होती. "पावणं, ही पोटात असताना मी मेंढरं घेऊन घाट उतरले. हिचा जल्म उघड्या माळावर झाला. तवा कुनाची इज्जत गेली न्हाई, आन् आता जाती व्हय? साडी तेवढी घेऊन जावा." साखरपुड्याची साडी आतून आणून तिनं त्यांच्या हाती दिली.

गावात चर्चा झाली ती झालीच. कुणी म्हणालं, आता हिला कोण करणार. हर्षाली दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं कामावर गेली. पिळाचा भाग उतरताना त्या दिवशी तिचे डोळे भरून येत होते. सुदर्शन तिला आवडला होता. तरी तिनं काच सोडली नाही.

सोमाजीचा अबोला पार सुगी सरेपर्यंत टिकला. एकदा नात्यातल्या पेशंटला बघायला तो पुण्याला आला आणि विचारत विचारत टॉवरसमोर येऊन उभा राहिला. मान दुखेस्तोवर बघत होता. लेक उतरून, पट्टे सोडून रस्ता ओलांडून आली.

"वरनं खाली बघतीस का गं?" त्यानं विचारलं.

"न्हाई आबा. हाताकडं बघते."

त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. मग शेजारी फोटो काढत थांबलेल्या अनोळखी माणसाला त्यानं कोपरानं ढोसलं.

"राव, बिल्डिंगचा फोटो काय काढताय? हिचा काढा. माझी पोरगी हाय."