श्रीधरपंतांचा करंज

कर्वेनगरातले श्रीधरपंत निवृत्त झाले आणि टेकडीवरच्या एका करंजाचे बाप झाले. पहाटे पाण्याचा कॅन पाठीवर घेऊन चढायचे आणि पाणी घालता घालता झाडाशी गोड बोलायचे. ते ऐकून मंदाकिनीबाई एकदा म्हणाल्या, "अहो, लग्न झाल्यापासून या सुरात माझ्याशी कधी बोलला नाहीत."

शेजारच्या कडुनिंबाला रावसाहेब पाणी घालत. कडुनिंब करंजापेक्षा हातभर उंच होता. रावसाहेबांबद्दल पंतांची तक्रार एवढीच, पण ती दर पावसाळ्यात वाढत होती.

पायथ्याशी उंबर आणि जांभळांची दाट राई होती. टेकडीवाल्यांचा कट्टा तिच्या सावलीत भरायचा. रस्ता रुंद करायला राई तोडली, तिथे खड्डे पडले आणि कट्टा वर न्यायचं ठरलं. कोणाच्या झाडाखाली, ते दिवाळीत ठरणार होतं. ज्याचं झाड तो यजमान, आणि यजमान राजकारणावर बोलायला लागला की बाकीच्यांनी माना डोलवायच्या, अशी रीत.

राई गेल्यावर पाखरं वर आली आणि थेट कडुनिंबावर उतरली. पंतांच्या पोटात दुखलं. उन्हाळ्यात त्यांनी करंजाभोवती पाण्याची मातीची पसरट भांडी मांडली, रावसाहेबांपेक्षा जास्त. पाऊस लागताच रावसाहेबांनी आपली भांडी पालथी घातली. पंतांनी घातली नाहीत. आता बुलबुल आपल्याकडेच येणार, या आनंदात ती तशीच भरलेली राहिली. पाणी बदलायलाही ते जात नसत. पाखरं बुजतील म्हणून.

पाऊस सरला आणि रावसाहेबांना डेंगी झाला.

पंत खाली त्यांच्या घरी भेटायला गेले, तर दारात चपलांचा ढीग. इतकी माणसं आपल्या आजारपणात आली असती का, असं मनात आलंच. आतून रावसाहेबांची सून पूर्णिमा बाहेर आली. ती डासांवर संशोधन करते.

"काका, तुमच्या करंजाखालच्या भांड्यांत अळ्या सापडल्या."

"डास तर त्या खड्ड्यांतून येतात."

"तिथूनही येतात. राई होती तेव्हा डास खाणारी लहान वटवाघळं होती, चतुर किडे होते. झाडं गेली की असले जीव आधी जातात. माणसाजवळ राहायला शिकलेले चिवट तेवढे उरतात, उंदीर आणि डास. मग आजाराला आपल्यापर्यंत यायला मध्ये कोणी अडवणारं राहत नाही. वर आपण त्यांना साचलेलं पाणी देतो."

पंत पाण्याचा कॅन घेऊन थेट टेकडीवर गेले. एकेक भांडं पालथं घातलं. मग कॅनमधलं सगळं पाणी कडुनिंबाला घातलं. रावसाहेब उठेपर्यंत दोन्ही झाडांचं पाणी त्यांनी वाहिलं, आणि कंबर धरल्याचं मंदाकिनीबाईंपासून लपवलं.

रावसाहेबांचा ताप उतरल्यावर पंत त्यांच्या पलंगाशी बसले.

"भांडी माझी होती."

"ठाऊक आहे. डास तुमच्यासारखाच होता, सकाळी वेळेवर यायचा." रावसाहेब हसले. "कट्टा करंजाखाली भरवा. मला यजमानपण झेपायचं नाही."

उन्हाळ्यापासून ज्याची वाट पाहिली, ते रावसाहेबांनी आयतं हातात ठेवलं होतं.

"नको. करंज अजून लहान आहे हो," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

दिवाळीत कट्टा कडुनिंबाखाली भरला. रावसाहेब शाल गुंडाळून राजकारणावर बोलले, पंतांनी मान डोलवली. मान वर गेली तेव्हा दिसलं, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली होती, त्यांच्याच पाण्यावर.

उतरताना ते करंजापाशी थांबले.

"त्याला पाहिलंस?" हळूच म्हणाले. "तो परका असून माझ्या पाण्याला जागला. आणि तू?"