चिऊच्या दवाखान्यातला पेशंट

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही. शाळा चौथीपर्यंत, म्हणून लिहायला वेळ लागतोय — पण तोंडानं सांगायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

मी आणि माझी बायको पारू, दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं असंल, तर म्हशीची शिंगं रंगवली. दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दुपारी. आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, गाडीमागं पळवतात. आमची म्हस त्या साली पहिल्यांदा जाणार होती. वर्षभर मी तिला गाडीच्या आवाजामागं पळायला शिकवलं होतं. पारू रंगाचा डबा धरून उभी, मी ब्रश मारतोय.

गोठ्याच्या दारात नात दवाखाना मांडून बसलेली. चिऊ, तेव्हा चार वर्षांची. तिची आई, म्हणजे आमची सून, नर्स. त्यामुळं पोरीच्या तोंडात सगळे तसलेच शब्द, पण बाहेर पडेपर्यंत त्यांचं काहीतरीच व्हायचं. इंजेक्शनचं इंदीशन, ऑपरेशनचं आपलेशन, थर्मामीटरचं थमालीटर. एकदा तर म्हशीच्याच दाव्याची तिनं म्हशीला 'शलाईन' लावली होती. पारू डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसायची आणि परत परत म्हणायला लावायची.

रंग संपल्यावर पारू पेशंट होऊन तिच्यापुढं बसली.

"काय होतंय आज्जी?"

"छातीवर धोंडा ठेवल्यागत होतंय बघा डॉक्टरीणबाई. डावा हात भरून येतोय. चार दिस झालं."

चिऊनं तोंड मोठ्या माणसासारखं केलं. "मग तुमचा इशीजी काढाय पायजे. आनि दोन कप्सुड. जेवल्यावल."

मी हसलो. पारूही हसली — पण पदरानं कपाळाचा घाम पुसत. ऊन काही तेवढं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, खेळच होता की. मीही इतकी वर्षं मला स्वतःला तेच सांगत आलो. पण खरं सांगू? ती सांगत होती पोरीला आणि ऐकवत होती मला. जन्मभर त्या बाईनं सरळ काही मागितलं नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. मला त्याच मिनिटाला कळलं.

आणि कळल्यावर डोक्यात काय आलं? सून. हिला कळलं तर ही आत्ताच्या आत्ता पारूला दवाखान्यात नेणार. पोरगा मागनं पळणार. पाडवा बुडणार — हे आलं डोक्यात. पारू चहा टाकायला आत गेली तसं मी चिऊला जवळ ओढलं.

"आज्जीचं आईला सांगू नगंस हं. खेळातलं खेळात."

"डॉक्टल शांगत नशतात कुनाला," ती म्हणाली.

पोरीनं शब्द पाळला.

पाडव्याला आम्ही बापलेक म्हस घेऊन रस्त्यावर होतो, तेव्हा पारू घरात पडली. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास? मी म्हणालो, "कधीच न्हाय." सून शेजारीच उभी होती. पुढं कितीतरी दिवस ती रडायची — नर्स असून मला कसं दिसलं नाही? घरात असून? मी समोर बसून ऐकायचो. भाकरी खात ऐकायचो.

चिऊनं परत दवाखाना मांडला नाही. आता ती सातवीत आहे, सगळे शब्द नीट म्हणते. गेल्या वर्षी मी धार काढत होतो, तर शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आबा, आज्जीनं मला छातीचं सांगितलंतं. मी आईला सांगाय पायजे हुतं, व्हय?"

इतकी वर्षं पोर हे घेऊन फिरत होती. मी काय केलं? म्हशीच्या कासेवरनं नजर काढली नाही. "कुठलं छातीचं? सपनात बघितलं असशील," म्हणालो. ती मग उठून गेली. माझं ओझं मी तिच्या गळ्यात बांधलं होतंच — वर तिलाच खोटं ठरवलं.

इथं थांबलो तरी चाललं असतं. पण एक अजून राहिलंय. पाडव्याची सकाळ.

सून रात्रपाळी करून आली आणि चपला न काढताच पायरीवर टेकली. पारू आत ओवाळायचं ताट करत होती. सून तिच्याकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, "मामा, आत्यांचं तोंड का असं उतरलंय? बरं न्हाय का त्यास्नी?"

विचारलं हो तिनं. तोंड उघडून विचारलं. मी म्हशीच्या कपाळावर गोंडा बांधत होतो.

"ठणठणीत हाय की," मी म्हणालो. "जागून आलीस, झोप जा तू."

ती झोपायला गेली. पारूनं मला ओवाळलं, म्हशीला ओवाळलं. मी दावं सोडलं आणि पोराला म्हणालो, चल, गाडी चालू कर.