यादीत नसलेलं दहावं गाणं

“इसकी गायकी थोडी कम इंडियन लगे, ऐसा कुछ कर ना,” फैसलभाई मला म्हणाले. माझं बोट टॉकबॅकवर होतं. टॉकबॅक म्हणजे आमचा आवाज गायकाच्या हेडफोनमध्ये पोचवणारं बटण. काचेपलीकडे जसिंताने सगळं ऐकलं. तिने हेडफोन काढून स्टँडवर ठेवला आणि निघून गेली.

मी दुबईच्या करामा भागातल्या एका छोट्या स्टुडिओत साउंड इंजिनियर आहे. फैसलभाई अल्बमचे प्रोड्यूसर. जसिंता मूळची वसईची, वाढली इथेच. कंट्री गाते, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडची, गिटारवर गोष्ट सांगणारी गाणी. तिच्या वडिलांना त्यांचं भारी वेड. पहिलाच अल्बम, नऊ गाणी झालेली, दहावं अर्धवट. रिलीज बारा दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी मी दुबई मरीनात गेलो. तिथल्या एका हॉटेलात ती रिसेप्शनला असते. मी माफी मागितली. ती म्हणाली, “अंकल, बटण तुमचं होतं, ओके. पण ते म्हणाले ते खरं आहे का? बी ऑनेस्ट.”

मी खरं सांगितलं. नऊही गाण्यांत ती अमेरिकन उच्चार सांभाळत गाते, आणि ते सांभाळणं ऐकू येतं. पण माइक चेक करताना ती जे गुणगुणते, त्यात ती स्वतः असते. ते काय आहे, असं मी विचारलं.

ते तिचंच होतं. वडील पलीकडच्या किनाऱ्यावर, फुजैरा बंदरात जहाजांत इंधन भरण्याच्या कामावर. लहानपणी दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, ते डोंगरातल्या रस्त्याने घरी येत आणि ही खिडकीत उभी असे. त्यावरचं गाणं. “पण ते कंट्री नाही ना,” ती म्हणाली.

“लांबचा रस्ता, बाप आणि वाट बघणं. अजून काय असतं कंट्रीत?” मी म्हटलं.

शनिवारी ती आली. माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून रेकॉर्डिंगला एसी बंद ठेवावा लागतो. जुलै महिना, सगळे घामाघूम. तिने एकदाच गायलं, स्वतःच्या उच्चारात. दुसरा टेक घ्यायचा विषयच नव्हता. फैसलभाई म्हणाले, “खलास. अधूरा वाला निकालो, ये रखो. लेकिन सबसे आख़िर में.”

अल्बम आला. एका ऑनलाइन समीक्षकाने लिहिलं, पहिली नऊ गाणी नीट शिकलेली आहेत, दहावं जगलेलं आहे. तिसऱ्या दिवशी इथल्या रेडिओवर ते वाजलं. मी गाडी बाजूला घेऊन ऐकलं. आठवड्याभरात फर्माइशी सुरू झाल्या. लाँचच्या कार्यक्रमात लोकांनी तिला ते तीनदा गायला लावलं. पहिल्या रांगेत वडील हाताची घडी घालून बसले होते. शेवटी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “खिडकीतली तू मला कोपऱ्यावरूनच दिसायचीस.”

फैसलभाई आता सगळ्यांना सांगतात, ते गाणं त्यांनीच निवडलं. नवा गायक आला की मी आधी एवढंच विचारतो, यादीत न घातलेलं गाणं कोणतं?