तेलाचं इंजेक्शन आणि खोटी उसण

गर्भ टिकावा म्हणून मला हार्मोनची जी इंजेक्शनं लागली, ती तेलातली होती. एक दिवसाआड, कुल्ल्याच्या वरच्या अंगाला, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. औषध इतकं घट्ट की सुईतून उतरता उतरत नसे, आणि उतरलं की तिथेच ठाण मांडून बसे. बघता बघता दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी झाल्या. वर लाली, खाज, हात लावला तर गरम. देवाने माणसाला कुल्ले दोनच का दिले, हा प्रश्न मला रोज पडायचा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेलामुळे होतं असं. बाळाला काही नाही. हलका शेक घ्या. लाली पसरली किंवा ताप आला तर मात्र लगेच या." त्यातलं 'बाळाला काही नाही' एवढंच मी धरून ठेवलं. मागच्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. हे टिकावं, याशिवाय मला काहीही नको होतं.

घरात तिघांनाच माहीत होतं: मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. मागच्या वेळी सासूबाईंनी आनंदाच्या भरात सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं आणि थोड्याच दिवसांत ते गेलं. त्यावर त्या पुढे अवाक्षर बोलल्या नाहीत. या वेळी तोंडाला कुलूप. पण सातपूरच्या आमच्या कॉलनीत कुणी लंगडताना दिसलं की चौकशी होणारच. म्हणून त्यांनी शेजारच्या काकूंना ठोकून दिलं, "कंबरेत उसण भरलीय तिच्या."

आता उसण म्हटल्यावर आमच्याकडे कुणी गप्प बसत नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्या पायाळू माणसाने दुखऱ्या जागी लाथ मारली की उसण पळते, ही सगळ्यांची खात्री. काकूंची इगतपुरीकडची नणंद नेमकी पायाळू, आणि नेमकी तेव्हाच त्यांच्याकडे राहायला आलेली.

नवरा पहिल्या पाळीला गेला आणि या दोघी दारात हजर. नणंदबाई भात लावून लावून कमावलेल्या अंगाच्या, हसतमुख. "पालथी पड बरं," त्या म्हणाल्या, "माझ्या पायाला लय गुण हाय. भ्यायचं नाय."

"नको, आता बरंय," असं म्हणत मी उठले आणि उठतानाच कळवळले.

"बरं कसलं? तोंड बघ केवढंसं झालंय!" काकूंनी मला दंडाला धरून दिवाणाकडे वळवलं. भांडायला आलेल्या माणसाला हाकलता येतं, मायेने आलेल्याचं काय करायचं? मी एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने दिवाणाची कड धरली. नणंदबाईंनी पदर खोचला, पाय उचलला.

"थांबा! पोटुशी आहे ती!" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या.

नणंदबाईंचा पाय खाली आला. "अगं माय! आधी सांगायचं नाय का?" त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. काकूंनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली. काकूंच्या शपथा जिन्यापर्यंत टिकतात.

त्या गेल्यावर मला हसूच फुटलं. वळून बघते तर सासूबाई खुर्चीत बसून पदराचं टोक पिळत होत्या.

"पुन्हा माझ्याच तोंडून गेलं गं. एकाला माझ्या जिभेनं खाल्लं, आता हेही..."

वर्षभर ही बाई हे मनात घेऊन आमच्यासाठी पोळ्या लाटत होती, आणि आम्हाला वाटत होतं, त्या विसरल्या. मी त्यांच्यापाशी खाली बसायला गेले, गाठ ठणकली, तशीच तिरकी बसले.

"आई, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, त्याच्या आधीच बाळाची वाढ थांबली होती. सोनोग्राफीत तसं दिसलं होतं. तुम्हाला अजून वाईट वाटेल म्हणून आम्ही तो विषयच काढला नाही."

"आधीच?"

"आधीच."

त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि आवाज न करता खूप वेळ रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "दाखव बघू कुठे दुखतंय ते." लाली बघून त्यांनी मला त्याच दुपारी डॉक्टरबाईंकडे नेलं. औषध बदलून मिळालं. गाठी मात्र सावकाश विरघळल्या. लेक झाली तरी एक गाठ हाताला लागायची.

त्या संध्याकाळी सासूबाई चपला घालून निघाल्या. मी विचारलं, कुठे?

"वरच्या मजल्यापासून सुरुवात करते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची गोड बातमी काकूंनी का सांगायची? माझी मी सांगेन."

तिसरा महिना सरायला अजून अवकाश होता.